उंबऱ्यात अडकलेलं ‘नाही’

फोन सकाळी सव्वासातला आला. एवढ्या सकाळी फोन येतो तो एकतर कुणी गेल्याचा, नाहीतर कुणी चिडल्याचा. हा दुसऱ्या प्रकारातला होता.

“परवाच्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग तुम्हीच केलंत ना?”

“हो, मीच.”

“बाबांनी काल रात्री ते ऐकलं. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. तुम्ही त्यांच्या तोंडी भलतंच घातलंय.”

बाई शांतपणे बोलत होत्या, त्यामुळे जास्तच भीती वाटली. मी म्हटलं, “अहो ताई, आम्ही कुणाच्या तोंडी काय घालणार? माईकमध्ये जे येतं तेच पुढे जातं.” बोलता बोलताच लक्षात आलं की हे खरं नाही. त्या संध्याकाळी माईकमध्ये आलेलं सगळं मी पुढे जाऊ दिलं नव्हतं.

“बावन्नाव्या मिनिटाला ऐका,” त्या म्हणाल्या. “बाबा म्हणतायत, उभ्या आयुष्यात मी कुणाच्या हो ला हो केलं नाही, ते या मुलाने करायला लावलं.” मी पन्नाशीला टेकलोय. पण सर सत्तरी ओलांडलेले, त्यांच्या हिशेबात मी मुलगाच.

व्याख्यान पानशेतवर होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यात ज्यांच्या घरात एखादं म्हातारं माणूस आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. सरांनी तो पूर शाळकरी वयात पाहिलेला. तासभर ते हातात कागद न घेता बोलले. आणि बावन्नाव्या मिनिटाला, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये, ते म्हणतात: “पानशेतने जुनं पुणं बुडवलं, एरवी ते टिकलं असतं, असं आपण सगळेच म्हणतो. हे मत मला मान्य.” मग शांतता. साधी नव्हे, फोन कट झाल्यावर कानाशी जी असते तसली. आणि मग टाळ्या.

मी सभागृहात होतो, मला प्रसंग नीट आठवत होता. ते “मान्य” म्हणाले, त्यांनी चष्मा काढला, एक पाऊल मागे सरकले, पहिल्या रांगेवरून नजर फिरवली आणि जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, “नाही.” टाळ्या त्या ‘नाही’ला पडल्या होत्या. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये त्या ‘मान्य’ला पडल्या.

‘नाही’ खाल्लं होतं माझ्या नॉईज गेटने.

हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गेट म्हणजे माईकच्या वाटेवर बसवलेलं दार. माईकमध्ये येणारा आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की दार उघडतं, खाली आला की बंद होतं. त्या पातळीला थ्रेशोल्ड म्हणतात, म्हणजे उंबरठाच. आम्हा साउंडवाल्यांना मराठी प्रतिशब्द सहसा सापडत नाहीत, हा मात्र आयता हातात पडलेला. वाड्याच्या देवडीवर बसलेला पहारेकरी समजा. त्याला चेहरा ओळखता येत नाही, आवाज कुणाचा हे कळत नाही, पाहुणा की चोर हे तर मुळीच नाही. तो फक्त उंची मोजतो. उंच असेल त्याला आत घेतो, बुटका असेल त्याला बाहेर ठेवतो. वक्ता हळू बोलला तर तो बुटका. बाहेर रिक्षाने हॉर्न मारला तर तो उंच. या, बसा.

मी गेट लावलं कशाला? पंख्यांमुळे. सदाशिव पेठेतलं जुनं सभागृह, एप्रिलचा महिना, छताला लांब दांड्यांचे आठ पंखे. त्यातला एक थेट वक्त्याच्या डोक्यावर आणि तोच नेमका कुरकुरणारा. हेडफोन लावला की भाषणापेक्षा पंखाच जास्त ऐकू येई. सर बोलायचे थांबले की कुर्र, कुर्र. मिक्सर डिजिटल, प्रत्येक माईकला गेट फुकटात मिळालेलं. फुकट मिळालेल्या वस्तूचं जे होतं तेच झालं. बटण दाबलं, थ्रेशोल्ड पंख्याच्या जरा वर नेला, दोन वाक्यांमधली कुरकुर गेली. मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला बाहेर गेलो. खरंच गेलो होतो. उगाच लपवत नाही.

माझी पहिली चूक समजायला दुसऱ्या दिवशीचा हेडफोन लागला. गेट आवाज साफ करत नाही. दार बंद असतं तेवढाच वेळ पंखा बाहेर राहतो. सरांनी तोंड उघडलं की दार उघडतं आणि त्यांच्या मागोमाग पंखाही आत शिरतो. त्यामुळे ऐकताना काय होतं? शब्द, त्याच्या पाठी कुरकुर, मग एकदम मिट्ट, पुन्हा शब्द, पुन्हा कुरकुर. जणू सरांच्या बोलण्यावरच पंखा फिरतोय. तोच पंखा एका लयीत तासभर चालू राहिला असता तर पाचव्या मिनिटानंतर कुणाला ऐकूही आला नसता. एकसारख्या आवाजाला कान सरावतो. आवाजाच्या येण्या-जाण्याला तो कधीच सरावत नाही. सभागृहात बसलेल्यांना यातलं काही जाणवलं नाही, कारण त्यांच्या डोक्यावर खरे पंखे फिरतच होते. फसवणूक झाली ती घरी बसून ऐकणाऱ्याची.

गेट मी शिकलो ते तालवाद्यांवर. पंचवीस वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्राच्या साउंडला मी वायरी गुंडाळणारा पोऱ्या होतो. आमच्या उस्तादांकडे गेटचा एक काळा डबा होता. ते तो ड्रमसेटच्या माईकना लावत. टॉमवर, म्हणजे त्यातल्या घुमणाऱ्या ढोलावर, काठी पडली की दार उघडायचं, घुमणं संपलं की बंद, आणि शेजारच्या झांजेचा खणखणाट त्या माईकमधून येईनासा व्हायचा. तिथे गेट शोभून दिसतं. काठीचा ठोका म्हणजे दारावरची लाथच, शून्यातून एकदम शिखरावर. पहारेकऱ्याला गोंधळायला जागाच नाही.

माणूस असा बोलत नाही. ‘स’, ‘श’, ‘ह’, ‘फ’ ही नुसती हवा असते. ती उंबऱ्याखालून सरपटत येते आणि तिच्या मागून स्वर उभा राहतो. दार स्वराला उघडतं, तोवर हवा गेलेली असते. ‘हवा’चं ‘वा’ होतं, ‘फार’चं ‘आर’. एका स्नेहसंमेलनात सूत्रसंचालकांनी नाट्यमय विराम घेऊन “श्रोतेहो” अशी साद घातली, ती माझ्या गेटमधून “रोते हो” अशी बाहेर पडली होती. लोक हसले. सूत्रसंचालकांना वाटलं विनोद आपलाच झाला, तेही हसले. मी खाली मान घालून अटॅक कमी केला.

अटॅक म्हणजे दार उघडायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदांत मोजतात. बोलण्याला एक ते पाच मिलिसेकंद बरे. अगदीच शून्याजवळ नेला तर दार उघडताना टक् असा आवाज येतो. होल्ड म्हणजे आवाज खाली गेल्यावरही पहारेकरी कडी न लावता किती वेळ थांबतो तो. रिलीज म्हणजे त्यानंतर दार किती सावकाश लोटतो. त्या दिवशी माझा होल्ड ५० मिलिसेकंद होता आणि रिलीज १००. ड्रमला ठीक. विचार करत बोलणाऱ्या माणसाला हे म्हणजे त्याचं वाक्य संपायच्या आत पाणी विचारून उठण्यासारखं. आता मी होल्ड ३०० च्या आसपास ठेवतो आणि रिलीज अर्ध्या सेकंदापर्यंत नेतो. पण खरं सांगायचं तर सरांच्या ‘नाही’ला त्यानेही वाचवलं नसतं. चष्मा काढायलाच त्यांना दोन सेकंद लागले होते. शिवाय ते एक पाऊल मागे गेले. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. त्यात स्वर खाली घेतलेला. ‘नाही’ उंबऱ्यापर्यंत आलं, उंची भरली नाही, परत गेलं.

त्या फोननंतर मला एक नादच लागला. जुनी रेकॉर्डिंगं काढून गेट काय काय खातं ते बघायचा. आणि जे दिसलं त्याने मी चक्रावलो, कारण ते तंत्राबद्दल नव्हतंच, मराठीबद्दल होतं.

आपण वाक्याच्या शेवटी श्वास संपत आलेला असताना बोलतो. आवाज उतरतो, शेवटचे एक-दोन शब्द पुटपुटल्यासारखे येतात. इंग्रजी बोलणाऱ्याचंही तसंच होतं, पण त्याचा नकार बहुतेक वेळा वाक्याच्या पोटात, क्रियापदाच्या आसपास सुरक्षित बसलेला असतो. आपण नकार शेवटी ठेवतो. “त्यात त्यांची चूक नाही.” शेवटचा शब्द खा, काय उरतं बघा. “हे काम अवघड नाही.” “मी आता तरुण नाही.” इंग्रजीतली शेपटी कापली तर वाक्य लंगडं होतं, मराठीतली कापली तर ते उलट्या दिशेने धावू लागतं. आणि नुसतं ‘नाही’च कशाला, ‘का’ घ्या. “तुम्हाला पटलं का” यातला ‘का’ गेला की प्रश्नाचं प्रशस्तिपत्रक होतं. पण माझ्या मते सगळ्यात घातक आहे ते ‘म्हणे’ जाणं. “त्यांचं आणि यांचं भांडण झालं, म्हणे.” हे ‘म्हणे’ आपण नेहमी हलक्या आवाजात, मान वळवून म्हणतो, कारण तीच त्या शब्दाची अदा आहे. पहारेकऱ्याने ते बाहेर ठेवलं की ऐकीव गोष्ट इतिहास झाली. एका चर्चेच्या रेकॉर्डिंगमध्ये असे तीन ‘म्हणे’ हरवलेले मला सापडले. त्यातली माणसं हयात असती तर मला फोन सव्वासातला नाही, सव्वापाचला आला असता.

वाक्याच्या सुरुवातीलाही हीच गत. ‘अमान्य’, ‘अशक्य’, ‘असमाधानी’. तो पहिला ‘अ’ आखूड, बेताचा. उंबरा फार उंच असेल आणि दार सुस्त असेल तर ‘अमान्य’चं ‘मान्य’ व्हायला कितीसा वेळ लागतो? म्हणजे मराठी माणसाने नकार पुढून दिला काय आणि मागून दिला काय, गेट त्याला होकारातच काढणार.

वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. तेव्हा माईक नव्हता, पंखे असले तर ते हाताने ओढायचे. वक्त्याला शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच पोचावं लागे आणि त्यातही वाक्याचा शेवट पोचवावा लागे, कारण मराठीत तिथेच सगळं ठरतं. ते वक्ते वाक्याच्या शेवटाला आवाज पडू देत नसणार, असा माझा आपला तर्क. माईक आला आणि आपल्याला हळू बोलता यायला लागलं. हजार माणसांच्या कानात एकाच वेळी कुजबुजता येतं ही माईकची खरी जादू. मग त्याच माईकसमोर आम्ही असा पहारेकरी बसवला ज्याला कुजबुज म्हणजे कचरा वाटतो. याला काय म्हणावं?

असो. दारं मी काढून टाकली असं नाही. परिसंवाद असला की ती लागतातच. टेबलावर सहा वक्ते, सहा माईक, एक बोलतोय आणि उरलेले पाच माईक त्याचाच आवाज थोडा थोडा उशिरा पकडतायत. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हाताच्या अंतरावरच्या शेजाऱ्याच्या माईकमध्ये तो दोन-तीन मिलिसेकंद मागून पोचतो. दोन्ही एकत्र झाले की माणूस पत्र्याच्या पिंपातून बोलल्यासारखा वाटतो. शिवाय उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की स्पीकरमधून शिट्टी बसण्याआधी आवाज वाढवायला हाताशी असलेली जागा ३ डेसिबलने घटते. सहा माईक उघडे ठेवलेत तर जवळजवळ ८ डेसिबल गेले. पंखेही सहापट. तेव्हा काहीतरी करावंच लागतं.

पण त्याला गेटपेक्षा शहाणा उपाय अमेरिकेतल्या डॅन ड्यूगन नावाच्या साउंडवाल्याने १९७० च्या दशकातच शोधून ठेवलाय. त्याने पहारेकरी काढून घरात एक हिशेबी आजी बसवली. सगळ्या माईकना मिळून एकाच माईकएवढी शिधासामग्री. जो जास्त बोलतोय त्याच्या पानात जास्त पडतं, बाकीच्यांचं तेवढंच कमी होतं, बेरीज कायम. दोघे एकदम बोलले तर दोघांना अर्धं अर्धं. कुणीच बोलत नसेल तर सगळ्यांना सारखं थोडं थोडं. महत्त्वाचं म्हणजे कुणाचंही पान उचललं जात नाही. त्यामुळे हळू बोलणाराही, तो एकटाच बोलत असेल तर, पूर्ण ऐकू येतो. आताच्या बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये हा ऑटोमिक्स असतो. माझ्या मिक्सरमध्येही होता, मी कधी त्या पानावर गेलोच नव्हतो.

आणि एकट्या माईकसाठी मला वाड्यानेच उत्तर दिलं. मोठा दरवाजा रात्री लावला तरी त्यात एक छोटी दिंडी असते, वाकून जाता येईल एवढी. गेटमध्ये रेंज नावाची एक खुंटी असते. दार बंद झाल्यावर आवाज किती खाली दाबायचा ते ती ठरवते. माझी ६० डेसिबलवर होती, म्हणजे अडसर घालून वर कुलूप. ती १० वर आणली. आता वक्ता थांबला की पंखा मागे सरकतो, नाहीसा होत नाही. खोली खोलीच राहते. आणि एखादं हळू आवाजातलं ‘नाही’ आलंच, तर ते वाकून का होईना, दिंडीतून आत येतं. याचाच सभ्य भाऊ एक्स्पांडर. तो आवाज उतरत जाईल तसतसा हळूहळू आणखी उतरवतो, धाडकन काही करत नाही. भाषणाला मी आता तोच लावतो. शिवाय पहारेकऱ्याच्या कानात एक बोळाही घालता येतो: १५० हर्ट्झच्या खालचं त्याला ऐकूच येऊ द्यायचं नाही. मग रस्त्यावरून बस घरघरत गेली किंवा कुणी व्यासपीठावर पाय आपटला तरी तो उगाच दार उघडत नाही.

ही झाली सभागृहातल्या स्पीकरसाठीची तडजोड. रेकॉर्डिंगचं मी वेगळंच केलं. गेट, एक्स्पांडर काय लावायचं ते लावा, पण रेकॉर्डिंगची वायर त्याच्या आधीच फोडून घ्यायची. डिजिटल मिक्सरवर ही एका ठिकाणची निवड असते, दोन मिनिटांचं काम. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये इतकी जागा असते की हळू आवाज नंतर वर उचलता येतो. पंखा घरी बसून, चहा पीत कमी करता येतो. आता तर शिकवून तयार केलेले प्रोग्रॅम मिळतात, पंखा ओळखून बाजूला काढणारे. मी वापरतो. पण त्यांनाही एका वक्त्याचं “हं” आणि त्यांच्या मिसेसचं पहिल्या रांगेतलं हसणं हा कचराच वाटला होता, म्हणून मूळ फाइल मी पुसत नाही.

सरांच्या वेळी मूळ फाइल नव्हती. मी मिक्सरच्या बाहेर पडणारा तयार आवाज घेतला होता, गेट उलटून गेल्यावरचा. ‘नाही’ कुठेच नव्हतं. मी ते बाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, “प्रत्येक व्याख्यानाला शेवटच्या रांगेत ते एक आजोबा बसतात ना, मोबाइल छातीशी धरून? त्यांच्याकडे असेल.”

होतं. आजोबांनी फाइल पाठवायला तीन दिवस घेतले, कारण नातवाला वेळ नव्हता. पंखे, खोकला, पिशवीची चुरचुर, शेजारच्याने विचारलेलं “किती वाजले हो?” आणि या सगळ्याच्या मागे, लांबून, स्वच्छ: “नाही.” मी तेवढा दीड सेकंद कापून माझ्या रेकॉर्डिंगमध्ये बसवला. जमलं नाही. सर “मान्य” जवळून म्हणतात आणि “नाही” एकदम वीस फूट मागून, पंख्यांच्या वाऱ्यातून येतं. मी आवाज जुळवायचा खूप प्रयत्न केला, वरचे सूर उचलले, मागे खोटी खोली लावून पाहिली. शेवटी बाईंना दोन नमुने पाठवले, एक माझं रंगरंगोटी केलेलं आणि एक जसंच्या तसं. त्यांनी उत्तर पाठवलं, “बाबा दुसरं ठेवा म्हणतात. ते म्हणतात, ते लांबूनच आलं होतं.”

पुढच्या एप्रिलमध्ये त्याच सभागृहात गेलो. या वेळी तयारी होती. वायर आधीच फोडलेली, एक्स्पांडर दहावर, सुट्टा रेकॉर्डर वेगळा. माईक वक्त्याच्या आणखी जवळ यावा म्हणून मी व्यासपीठावर गुडघे टेकून स्टँड सरकवत होतो आणि डोक्यावर तो पंखा कुरकुरत होता. सभागृहाचे शिपाईमामा खुर्च्या लावता लावता थांबून माझ्याकडे बघत होते.

“याचं काही करता येत नाही ना?” मी वर बोट दाखवून उगाच विचारलं.

मामांनी भिंतीपाशी जाऊन एक खटका खाली केला. पंखा मंदावला, दोन शेवटचे कुर्र काढून थांबला.

“याचं बटण वेगळंय,” ते म्हणाले. “तुम्ही कधी विचारलंच नाही.”